त्या दिवशी बाबा घाबरले ते बरोबरच होतं: पेशंट लिफ्टर आणि झोळीबद्दल

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दारव्हा तालुक्यातलं गाव, वडील ७१ वर्षांचे, दीड वर्षापूर्वी लकवा मारला आणि उजवी बाजू गेली, वजन ८० किलोच्या आसपास. पुण्याच्या भावानं हातपंपाचा पेशंट लिफ्टर, म्हणजे माणसाला कापडी झोळीत घेऊन वर उचलणारं चाकांचं यंत्र, पाठवला. पहिल्याच दिवशी बाबांना वर घेतलं तर ते मध्येच दुमडले, कंबर खाली लोंबली, गुडघे छातीकडे आले, उजवा हात वर गेला आणि ते "मले खाली ठेवा, मी पडतो" म्हणून ओरडले. तेव्हापासून लिफ्टर कोपऱ्यात उभा आहे, त्यावर टॉवेल वाळतात, आणि आई अन् तुमची बायको पुन्हा चादरीनं उचलतात. आईची कंबर धरली आहे. तुम्ही विचारलंय की हे यंत्र खेड्यातल्या घरात चालण्यासारखं आहे का, की विकून टाकावं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या गावांमध्ये घरी जाऊन पेशंट बघते, त्याला आता अठरा वर्षं झाली. माझं उत्तर आधीच सांगते: लिफ्टर विकू नका, पण जी झोळी सोबत आली ती बाबांना पुन्हा लावू नका.

तुम्ही सहज लिहून गेलात की झोळीला छातीभोवती पट्टा आहे, हात बाहेर राहतात, खाली बरीच जागा मोकळी आहे आणि "संडासला बसवायला सोपी" म्हणून दुकानदारानं तीच दिली. त्या वाक्यावर मी थांबले. ही टॉयलेट स्लिंग. तिच्यात माणसाचं वजन फक्त काखेखालच्या पट्ट्यावर आणि मांड्यांखालच्या दोन पट्ट्यांवर येतं. म्हणून ज्याला स्वतःचं धड सावरता येतं, दोन्ही हात खाली दाबून धरता येतात, मान ताठ राहते, त्याच्यासाठीच ती आहे. बाबांचा उजवा खांदा सैल पडलेला. वजन आलं की हात वर जाणार, पट्टा काखेत सरकणार आणि कंबर त्या मोकळ्या जागेतून खाली उतरणार. तुम्ही वर्णन केलंय ते तंतोतंत हेच आहे. शिवाय लकव्यानंतर खांद्याची वाटी धरून ठेवणारे स्नायू ढिले असतात, तिथं काखेतून ओढ बसली की जीवघेणी कळ येते. म्हणजे बाबा उगाच घाबरले नाहीत. ते खरोखर घसरत होते आणि त्यांना खरोखर दुखत होतं. हे त्यांना तुम्ही स्वतः जवळ बसून सांगा: "बाबा, चूक झोळीची होती, तुमचं बरोबर होतं." माझा अनुभव असा की हे एक वाक्य पुढचं निम्मं काम करतं.

त्यांना लागते पूर्ण अंगाची झोळी, डोक्याला आधार असलेली, खाली दोन पाय वेगळे असलेली. इंग्रजी यू अक्षर उलटं केल्यासारखी दिसते. पाठ, कंबर आणि डोकं कापडात बसतं, हात आत राहतात, आणि दोन्ही पायांच्या पट्ट्या मांड्यांखालून येऊन मधून एकमेकींत ओवल्या जातात. ही ओवणी फार महत्त्वाची. डाव्या मांडीची पट्टी उजव्या पट्टीच्या फाशातून काढून मग दोन्ही लिफ्टरच्या आडव्या दांडीवरच्या आकड्यांना (हुकांना) लावली की मांड्या फाकत नाहीत आणि माणूस पुढे सरकत नाही. न ओवता सरळ लावलेल्या पट्ट्या मी कितीतरी घरांत पाहिल्या आहेत, कारण दुकानात दाखवताना कुणी माणूस आत बसवून दाखवत नाही.

माप कसं घ्यायचं? बाबांना कुशीवर करा आणि माकडहाडापासून डोक्याच्या टोकापर्यंत शिवणकामाच्या टेपनं मोजा. नितंबांची रुंदीही मोजा. हे दोन आकडे आणि वजन घेऊन झोळी मागवा. नुसतं "लार्ज द्या" म्हणू नका, कारण एका कंपनीचा लार्ज दुसरीचा मीडियम असतो. मोठी झोळी जास्त धोक्याची, तिच्यातून माणूस निसटतो. लहान झोळी मांड्या आवळते आणि खांदे आत दाबते. वजन अंदाजानं धरू नका. गावात धान्य घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे जमिनीवरचा इलेक्ट्रॉनिक काटा असतो, त्यावर बाबांना व्हीलचेअरसकट ठेवा, मग रिकाम्या खुर्चीचं वजन वजा करा. लिफ्टरच्या खांबावर किती किलोपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं, झोळीच्या लेबलवरही असतं. दोन्हींत जो आकडा लहान, तोच तुमचा. आणि झोळी फाशांची आहे की प्लास्टिकच्या क्लिपांची, हे तुमच्या लिफ्टरच्या दांडीशी जुळलं पाहिजे. फाशांची झोळी क्लिपच्या खुंटीवर कशीबशी अडकवणं मी बघितलं आहे. ते करू नका.

आता तुमच्या घरावर आणि बाबांच्या तब्येतीवर काय काय अवलंबून आहे ते सांगते, कारण तिथं मी दुरून हो किंवा नाही म्हणू शकत नाही. बाबांचं खुब्याचं हाड मोडलं होतं का, मणक्याला काही आहे का, हाडं फार ठिसूळ आहेत का, पाठीला किंवा माकडहाडाला जखम आहे का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. ते सांगितलेलं ऐकतात का, की एकदम झटका देतात, हेही बघावं लागतं. घाबरून झोळीतच उठायला जाणाऱ्या पेशंटसाठी मी नेहमी दोन माणसं सांगते, एकटीनं कधीच नाही. तुमच्या घरात सध्या तरी दोनच जणांनी करा. एकानं यंत्र चालवायचं, दुसऱ्यानं फक्त बाबांकडे बघायचं, दुसरं काही करायचं नाही.

घराचं म्हणाल तर तीन गोष्टी. पहिली जमीन. लिफ्टरची चाकं लहान असतात. शेणानं सारवलेल्या जमिनीत ती रुततात, एक चाक खळग्यात गेलं की खांब कलतो आणि वर टांगलेल्या माणसाचं वजन त्याच बाजूला जातं. कोटा किंवा शहाबादी फरशी सपाट असेल तर प्रश्न नाही. सारवलेली खोली असेल तर पलंगापासून खुर्चीपर्यंतच्या पट्ट्यात सिमेंटचा कोबा करून घ्या, तेवढाच करा, पूर्ण खोलीची गरज नाही. नुसतं प्लायवूड टाकू नका, ते कडेला उचललं जातं. दुसरी गोष्ट पलंग. लिफ्टरचे पाय पलंगाखाली सरकावे लागतात, त्यासाठी खाली साधारण १५ सेंटीमीटर मोकळी जागा हवी. बॉक्सच्या दिवाणाखाली पाय जातच नाहीत आणि मग लोक लिफ्टर लांब ठेवून बाबांना तिरकं ओढतात. दिवाण असेल तर तो बदला, लोखंडी पलंग घ्या. जुनी बाज खालून मोकळी असते हे खरं, पण दोरी झोळ पडलेली असली की झोळी पाठीखाली नीट बसत नाही. तिसरी गोष्ट उंबरठा. टांगलेल्या माणसाला घेऊन उंबरठा ओलांडायचा नाही. लिफ्टर माणूस नेण्यासाठी नाही, पलंगावरून उचलून शेजारच्या खुर्चीत ठेवण्यासाठी आहे. व्हीलचेअर पलंगाशेजारी आणा, तिथंच बसवा, मग अंगणात न्यायचं ते खुर्चीनं न्या.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. काही गावांत लोक छताच्या मयालीला साखळीचा चेनपुली अडकवून घरचं यंत्र करतात. सागाच्या लाकडाला वरून काही दिसत नाही, आतून वाळवीनं पोखरलेलं असतं. आणि ही पुली पोती उचलण्यासाठी असते. माणूस उचलायला ती वापरू नका, कुणी कितीही खात्री दिली तरी. झोळीही शिंप्याकडून चादरीची किंवा ताडपत्रीची शिवून घेऊ नका, वजन घेणारी शिवण आणि तिचा धागा वेगळा असतो.

आता प्रत्यक्ष उचलणं. जेवण झाल्यावर लगेच नको, तासभर जाऊ द्या. बराच काळ आडव्या असलेल्या माणसाला एकदम उभट केलं तर चक्कर येते, म्हणून आधी पाच-दहा मिनिटं डोक्याखाली उशा चढवून बसवा. लघवीची नळी असेल तर पिशवी आधी रिकामी करा आणि लिफ्टरच्या दांडीला अडकवू नका. पिशवी मूत्राशयाच्या वर गेली की लघवी उलटी जाते.

बाबांना डाव्या, म्हणजे चांगल्या बाजूच्या कुशीवर करा. उजव्या हाताला धरून ओढायचं नाही, खांद्याच्या पात्याखाली आणि कमरेखाली हात घालून वळवायचं. झोळी लांबीच्या बाजूनं अर्धी गुंडाळून पाठीला टेकवा, मधली शिवण बरोबर पाठीच्या कण्यावर आणि खालची कड माकडहाडाशी. मग त्यांना दुसऱ्या बाजूला वळवून गुंडाळी पलीकडून ओढून घ्या. या वेळी ते दुखऱ्या उजव्या खांद्यावर येतात, म्हणून तो खांदा थोडा पुढे काढून ठेवा आणि तिथं फार वेळ ठेवू नका. सरळ केल्यावर पायाच्या पट्ट्या मांड्यांखालून घ्या आणि हातानं सपाट करा. कापडाची एखादी चुणी ८० किलोच्या वजनाखाली दोरीसारखी रुतते. उजवा हात छातीवर आडवा ठेवा आणि बाबांना त्यांच्या डाव्या हातानं त्याचं मनगट धरायला सांगा. हे मी सगळ्या लकव्याच्या पेशंटना सांगते. हात सुरक्षित राहतो आणि त्यांनाही काहीतरी धरल्यासारखं वाटतं.

लिफ्टरचे खालचे पाय फाकवून तो जवळ आणा. दांडी खाली करताना एक हात सतत दांडीवर ठेवा. ती माणसाच्या चेहऱ्यासमोर झुलते आणि नाकावर किंवा कपाळावर आदळते. घरी लिफ्टर वापरणाऱ्यांकडून मी सगळ्यात जास्त ऐकलेली दुखापत हीच आहे. फाशांना वेगवेगळे रंग असतात ते लांबीसाठी. खांद्याकडे आखूड फासे आणि पायाकडे लांब फासे लावले की माणूस जास्त उभट बसतो, उलट केलं की मागे रेलतो. सुरुवातीला बाबांना थोडं रेललेलंच ठेवा. रंग कुठलाही घ्या, पण डावीकडे जो तोच उजवीकडे.

मग चार बोटं. बाबांचं अंग गादीपासून चार बोटं वर आलं की थांबायचं. पंप मारणं थांबवा. चारही फासे आकड्यात खोल बसलेत का, एकेक हातानं ओढून बघा. पट्ट्या ओवलेल्या आहेत का, माकडहाड झोळीत आहे का, हात आत आहे का, चेहरा कसा आहे, श्वास मोकळा आहे का. बाबांना विचारा, "बरं वाटतंय का?" काहीही खटकलं तर लगेच खाली. चार बोटांवरून खाली येताना काहीच लागत नाही.

हा नियम मी एका आजींकडून शिकले. राळेगावकडच्या एका गावात पावसाळ्यात गेले होते. झोळी धुऊन धुऊन लेबल पुसलेली, दुकानात होती ती मोठ्या मापाची घेतलेली, आजी जेमतेम ४५ किलोच्या. मला दिसत होतं की कापड दोन्ही बाजूंना सैल आहे, तरी "एवढ्यात काय होतंय" म्हणून मी पंप मारला. आजी कमरेतून दुमडल्या आणि झोळीच्या मधल्या भेगेकडे सरकू लागल्या. त्या म्हणाल्या, "पोरी, मले भेव लागते." गादीपासून जेमतेम वीत वर होतो म्हणून मी लगेच खाली घेतलं आणि त्यांना काही झालं नाही. त्या दिवसापासून ज्या झोळीचं लेबल वाचता येत नाही ती मी वापरत नाही, आणि चार बोटांवर थांबल्याशिवाय पुढे जात नाही.

ब्रेकबद्दल गोंधळ असतो, म्हणून नीट सांगते. व्हीलचेअरचा आणि चाकाच्या पलंगाचा ब्रेक नेहमी लावलेला. लिफ्टरचा मात्र उचलताना मोकळा, कारण आडवा हात गोलाकार वर जातो आणि त्यानुसार यंत्राला स्वतः थोडं सरकून वजनाच्या बरोबर वर यावं लागतं. ब्रेक लावून उचललं तर एकतर माणूस घासत ओढला जातो किंवा यंत्र कलतं. तुमच्या लिफ्टरच्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर पुस्तिका खरी.

वर घेतल्यावर पाय पलंगापासून मोकळे होतील एवढंच उंच ठेवा, जास्त नाही. यंत्र मागच्या हँडलनं ढकला, बाबांच्या अंगाला किंवा आडव्या दांडीला ढकलून नाही. दुसऱ्या माणसानं बाबांच्या समोर, त्यांना दिसेल असं राहायचं. खुर्चीत उतरवताना एकानं झोळीच्या पाठीच्या हँडलला धरून कंबर मागे घ्यायची किंवा गुडघ्यांवर हलकं दाबायचं, म्हणजे ते खुर्चीच्या पाठीला टेकून बसतात. हातपंपाच्या लिफ्टरला बाजूला एक स्क्रू असतो तो सोडला की खाली येतो. तो पाव फेराही नको, अगदी किंचित. जड माणूस असला की झडप जास्त उघडताच तो धपकन येतो. आधी ३०-४० किलोचं धान्याचं पोतं झोळीत ठेवून हा स्क्रू चार-पाच वेळा सोडून बघा, हाताला अंदाज येतो.

बसल्यावर झोळी काढून घ्या. तिच्यावर तासन्तास बसवून ठेवू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, पॉलिएस्टरच्या कापडाखाली घाम साचतो आणि माकडहाडाची कातडी दोन दिवसांत लाल होते. उन्हाळ्यासाठी जाळीच्या कापडाची झोळी बरी, आंघोळीलाही तीच चालते.

बॅटरीवरचा लिफ्टर ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: रोज रात्री चार्जिंगला लावा, लोडशेडिंगचा भरवसा नाही, आणि बंद पडल्यावर हातानं खाली घ्यायची सोय कुठे आहे ते माणूस वर नसताना शिकून ठेवा. झाडावरून, घराच्या छपरावरून किंवा विहिरीत पडून मणक्याला मार बसलेल्यांच्या घरच्यांना आणखी एक सांगते. मार छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा वर असेल आणि झोळीत असताना किंवा बसवल्यावर डोकं एकदम ठणकायला लागलं, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर रक्तदाब भसकन वाढलेला असू शकतो. लगेच खाली घ्या, डोकं वर ठेवून बसवा, झोळीची चुणी किंवा दबलेली लघवीची नळी शोधून सोडवा आणि दवाखाना गाठा. त्यात वेळ घालवू नका.

झोळीची निगा म्हणजे प्रत्येक वेळी वापरण्याआधी फासे आणि शिवणी उजेडात बघणं. धागा निघालेला, फासा झिजून केसाळ झालेला, कापड विटून कडक झालेलं, यातलं एक दिसलं तरी झोळी बाद. ब्लीच, इस्त्री आणि दुपारचं कडक ऊन, तिन्ही टाळा, सावलीत वाळवा. लिफ्टरचे नटबोल्ट, आडव्या दांडीचा पिन आणि तेलाची गळती दर महिन्याला बघा. ब्रिटनमध्ये माणूस उचलणाऱ्या यंत्रांची १९९८ च्या नियमांनुसार दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासणी करावी लागते. आपण निदान वर्षातून दोनदा, पोळ्याच्या आणि होळीच्या सुमाराला म्हणा, एखाद्या चांगल्या मेकॅनिकला घरी बोलावून खालपासून वरपर्यंत बघायला काय हरकत आहे?

नवी झोळी येईपर्यंत आईला चादरीनं उचलू देऊ नका. गादीवर वर सरकवायचं असेल तर उचलायचं नाही, घसरवायचं. गुळगुळीत नायलॉनचं कापड नळीसारखं दुहेरी शिवून बाबांच्या पाठीखाली घाला, दोघांनी दोन बाजूंनी धरून पायांच्या जोरावर सरकवा. काम झालं की कापड काढून घ्या, नाहीतर बाबाच गादीवरून घसरतील.

आणि झोळी आली की पहिल्या दिवशी बाबांना बसवू नका. आधी तुम्ही स्वतः तिच्यात झोपा, बायकोला पंप मारू द्या, बाबांसमोर चार बोटं वर जा आणि खाली या. मग बायकोनं बसायचं. उचललं जाणं अंगाला कसं लागतं हे तुम्हालाही कळेल, आणि बाबा शेवटपर्यंत बघतील. दुसऱ्या दिवशी त्यांना विचारा. फक्त चार बोटं, खाली घ्यायचं कधी ते तुम्ही सांगा, असं म्हणा, आणि त्यांनी "बस" म्हटलं की खरोखर थांबा. माझे काही पेशंट आठ-दहा दिवस चार बोटांवरच थांबले आणि मग एका सकाळी स्वतःहून अंगणात न्या म्हणाले. पहिल्या वेळी जवळ कुणी जाणकार असणं बरं. वर्ध्याजवळ सावंगी मेघेला फिजिओथेरपीचं कॉलेज आहे, तिथं किंवा यवतमाळच्या एखाद्या फिजिओथेरपिस्टकडे चौकशी करा, एक दिवस घरी येऊन शिकवणारं कुणीतरी मिळेल.

सध्या मला दोन फोटो टाका: लिफ्टरच्या आडव्या दांडीचा जवळून, आणि बाबांच्या पलंगाखाली किती जागा आहे त्याचा, टेप लावून. बाबांचं माकडहाड ते डोकं हे मापही लिहा. ते बघून कोणत्या मापाची झोळी मागवायची ते सांगते.